मोबाइल घरी, आपण बाहेर : ठाणे-नवी मुंबईत रोजचा मोकळा वेळ कसा बसवायचा

‘उद्यापासून मोबाइल कमी करायचा’ असं ठरवणारे बहुतेक जण चार दिवसांत मूळपदावर येतात आणि मग स्वतःलाच बोल लावत बसतात. मला वाटतं, यात मनोनिग्रहाचा प्रश्न फार थोडा आहे. संध्याकाळी लोकलमधून उतरून, जिने चढून घरी आलेल्या माणसाला त्या वेळेत करण्यासारखं दुसरं काही ठरलेलंच नसतं. मग हात आपोआप फोनकडे जातो. म्हणून पुढे दोन कामं बरोबरीने करायची आहेत. आपण फोनला दिलेली बारीकसारीक कामं त्याच्याकडून काढून घ्यायची आणि मोकळ्या झालेल्या वेळेला घराबाहेरची एक ठरलेली जागा द्यायची. पहिलं काम केलं आणि दुसरं राहिलं, तर काहीही टिकत नाही.

ठाणे-नवी मुंबईकरांचं या बाबतीत नशीब चांगलं आहे. येऊर आणि पारसिकचे डोंगर, मधोमध खाडी, ठाण्यातली तळी, नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोने आखलेल्या वसाहतींमधली सेक्टरागणिक उद्यानं हे सगळं रिक्षाच्या अंतरावर आहे.

आधी, बाहेर गेल्याने नेमकं काय होतं?

डोळ्यांपासून सुरुवात करू. जवळचं पाहताना डोळ्यातल्या भिंगाचा आकार बदलावा लागतो आणि त्यासाठी आतला एक बारीक स्नायू आवळलेला राहतो. नजर दूर गेली की तो सैल पडतो. दिवसभर लॅपटॉप आणि मग मोबाइल पाहणाऱ्याचा हा स्नायू झोपेपर्यंत आवळलेलाच असतो. शिवाय स्क्रीनकडे एकटक पाहताना पापण्या नेहमीपेक्षा बऱ्याच कमी मिटतात, त्यामुळे डोळे कोरडे पडतात आणि चुरचुरतात. खोलीत कितीही लांब पाहिलं तरी समोरची भिंत दहा-बारा फुटांवर असते. खाडीच्या काठावर उभं राहिलं की नजर थेट पलीकडच्या किनाऱ्यापर्यंत जाते. तो स्नायू सैल पडायला आणखी काही करावं लागत नाही.

दुसरा मुद्दा उजेडाचा. ट्यूबलाइट लावलेल्या घरात साधारण दोनशे ते पाचशे लक्स उजेड असतो. ढगाळ दिवशीही उघड्यावर तो काही हजारांत असतो आणि भर उन्हात लाखाच्या घरात जातो. आपल्या डोळ्यांना खोलीतला दिवा पुरेसा वाटतो, पण शरीराचं घड्याळ या फरकावरच चालतं. सकाळी डोळ्यांवर पडलेला उजेड मेंदूला दिवस सुरू झाल्याची खूण देतो आणि त्यावरून रात्रीच्या झोपेची वेळ ठरते. या घड्याळाचं काम पेशींच्या आत कसं चालतं हे शोधणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१७ साली वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. सकाळी उजेड पाहिला नाही आणि रात्री साडेअकरापर्यंत डोळ्यांसमोर चमकता पडदा धरला, तर झोप पुढे सरकणारच.

मुलांच्या बाबतीत हा उजेड फारच महत्त्वाचा. रोज बराच वेळ उघड्यावर घालवणाऱ्या मुलांमध्ये लांबचं धूसर दिसण्याचा दोष, म्हणजे मायनस नंबर, लागण्याचं प्रमाण कमी असतं, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलं आहे. तैवानने २०१० पासून शाळांमधून मुलांना रोज १२० मिनिटं बाहेर ठेवण्याची मोहीमच चालवली. आपल्याकडे शाळा, ट्यूशन आणि घर या तिन्ही जागा बंद खोल्यांच्याच असतात.

मन आणि एकाग्रतेबद्दल आकडे देणं अवघड आहे, तरी एक आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. २०१९ साली इंग्लंडमधल्या सुमारे वीस हजार लोकांच्या पाहणीत, आठवड्याला एकूण दोन तास किंवा जास्त वेळ निसर्गात घालवणारे लोक स्वतःची तब्येत चांगली असल्याचं आणि समाधानी असल्याचं जास्त प्रमाणात सांगत होते. दोन तास एकदम घालवले की तुकड्यांनी, याने फरक पडला नव्हता. म्हणजे रोज वीस मिनिटं पुरतात. खालची सगळी आखणी याच हिशेबाने केली आहे.

पायरी १ : आपला वेळ जातो कुठे ते पाहा

अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘डिजिटल वेलबीइंग’ आणि आयफोनमध्ये ‘स्क्रीन टाइम’ असतं. तिथे रोजची बेरीज दिसते. पण बेरीज पाहून हळहळण्यापेक्षा दोन गोष्टी शोधा : कोणत्या तासाला वापर सर्वात जास्त आहे, आणि दिवसातून किती वेळा फोन उघडला. बहुतेकांच्या बाबतीत दोन शिखरं सापडतात. एक उठल्या-उठल्या, दुसरं रात्री जेवणानंतर. ऑफिसचे मेल, शाळेच्या ग्रुपवरच्या सूचना, बँकेचा ओटीपी यांना हात लावायची गरज नाही. आपल्याला ती दोन शिखरंच हवी आहेत. कागदावर लिहून ठेवा आणि एवढंच करून थांबा.

पायरी २ : फोनची कामं दुसऱ्यांना वाटून द्या

ही पायरी लोक सोडून देतात आणि म्हणूनच बेत फसतो. आपण फोन उचलतो तो वेळ पाहायला, आणि खाली ठेवतो अर्ध्या तासाने. म्हणून :

गजराचं साधं घड्याळ आणा. फोन झोपायच्या खोलीबाहेर, हॉलमध्ये किंवा स्वयंपाकघराच्या फळीवर चार्जिंगला लावा. माझ्या मते सगळ्या उपायांत हा एकच उपाय करायचा ठरला तर हाच करावा, कारण सकाळचं आणि रात्रीचं दोन्ही शिखरं याच्याने खाली येतात.

हातात मनगटी घड्याळ बांधा. तेही साधं, ज्यावर मेसेज येतात ते नको.

खिशात शंभर-दोनशे रुपये रोख ठेवा. आता भाजीवाल्यापासून वडापावच्या गाडीपर्यंत सगळं स्कॅन करून चालतं, त्यामुळे ‘पैसे द्यायला फोन लागतो’ ही सबब खरी झाली आहे. सुटे असले की ती उरत नाही.

घरच्या दोन-तीन माणसांचे नंबर कागदावर लिहून पाकिटात ठेवा. मुलांना तर ते पाठच करायला लावा.

तिथी-वार, सण यांसाठी भिंतीवरचं कालनिर्णय आहेच. त्याचा एक खास उपयोग पुढे येतो.

एकट्या बाईने पहाटे किंवा अंधारात बाहेर पडताना फोन घरी ठेवावा, असं मी अजिबात सुचवणार नाही. बरोबर घ्या, पण इंटरनेट बंद करून, पिशवीच्या तळाशी. वयस्कर मंडळी आणि हृदयाचा, साखरेचा त्रास असलेल्यांनीही असंच करावं.

पायरी ३ : रोजची वीस मिनिटं

वेळ शक्यतो सकाळची निवडा आणि ती एखाद्या चालू सवयीला जोडा. दूध आणणं, मुलाला शाळेच्या बसपर्यंत सोडणं, देवळात जाणं, स्टेशनपर्यंत चालत जाणं, काहीही चालेल. नवं काम म्हणून सुरू केलेलं पावसाळ्याच्या पहिल्याच सरीत बुडतं. जुन्याला जोडलेलं टिकतं.

जागा घरापासून पाच मिनिटांच्या आत हवी. ठाण्यात पाचपाखाडीच्या बाजूला राहणाऱ्यांना कचराळी तलाव आहे. तिथल्या फेरीमार्गावर पहाटेपासून माणसं चालत असतात. स्टेशनजवळच्यांना मासुंदा, म्हणजे आपली तलावपाळी. संध्याकाळी तिथे फार गर्दी आणि गाड्यांचा आवाज असतो, सकाळी मात्र कौपीनेश्वराचं दर्शन आणि तळ्याची फेरी दोन्ही निवांत होतं. वाशीत सागर विहार, नेरूळमध्ये ‘ज्वेल ऑफ नवी मुंबई’ची तळ्याकाठची वाट, खारघरमध्ये सेंट्रल पार्क. यातलं काहीच जवळ नसेल तर सोसायटीची गच्ची चालेल. उघडं आकाश आणि एखादं झाड दिसलं तरी पुरे.

आता ही वीस मिनिटं करायचं काय? नुसतं चालायचं ठरवलं की सातव्या-आठव्या मिनिटाला कंटाळा येतो आणि हात खिसा चाचपतो. त्यासाठी पाहायला काहीतरी घ्या. मी स्वतः झाडं घेते. येण्याजाण्याच्या रस्त्यावरची पाच झाडं निवडायची आणि त्यांचं वर्षभर काय होतं ते पाहायचं. फेब्रुवारीत पळस आणि पांगारा पेटतात, सावरीला मोठी लाल फुलं येतात आणि त्यांवर साळुंक्या-कावळ्यांची झुंबड उडते. एप्रिल-मे महिन्यांत बहावा पिवळ्या घोसांनी लवतो आणि ताम्हण जांभळं होतं. ताम्हण हे आपलं राज्यपुष्प, पण त्याच्या सावलीत रोज रिक्षाची वाट पाहणाऱ्या कित्येकांना ते ठाऊक नसतं. पावसाळा सरला की सप्तपर्णीचा तो उग्र गोड वास रात्री रस्त्यावर पसरतो.

पक्ष्यांसाठी सुरुवातीला कान पुरतात. ‘टुक-टुक-टुक’ असा हातोडीच्या ठोक्यासारखा एकसुरी आवाज येतो तो तांबट. घुमणारा, खोल ‘हूप-हूप’ भारद्वाजाचा. पहाटे सर्वात आधी सुरेल शीळ घालतो तो बहुतेक वेळा दयाळ. तीन आवाज ओळखता आले की चौथा कुणाचा हे कुतूहल आपोआप लागतं. ते शोधायला फोन काढू नका. घरी येऊन पाहा किंवा कुणाला तरी विचारा. तळ्यावर रोज येणाऱ्यांत एखादे तरी काका सगळे पक्षी ओळखणारे असतातच, आणि त्यांना विचारलेलं फार आवडतं.

ऋतूप्रमाणे वेळ बदला. एप्रिल-मेमध्ये घाम काढणाऱ्या दमटपणामुळे साडेसातच्या आत परत या. डिसेंबर-जानेवारीत उलट करा : थंड हवेमुळे धूर आणि धूळ पहाटे जमिनीलगत साचून राहते, तेव्हा ऊन थोडं वर आल्यावर, आठ-साडेआठनंतर निघा. दम्याचा त्रास असेल तर हे जरूर पाळा. ‘ड’ जीवनसत्त्वाची अपेक्षा मात्र कोवळ्या उन्हाकडून ठेवू नका. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा लहान पडते, साधारण तेव्हाच त्वचेत ते नीट तयार होतं, म्हणजे दुपारच्या जेवणाच्या सुमारास. ऑफिसमध्ये डबा खाऊन झाल्यावर दहा मिनिटं आवाराबाहेर फिरून आलात तर तेही साधतं. ऐरोली, महापे, वागळे इस्टेटच्या ऑफिसांत काम करणाऱ्यांना हे सहज जमण्यासारखं आहे.

कामाच्या वेळेत दर वीस मिनिटांनी वीस फुटांपलीकडचं काहीतरी वीस सेकंद पाहायचं, हा डोळ्यांच्या डॉक्टरांचा नियमही पाळा. खिडकीकडे तोंड असेल तर सोपं जातं.

पायरी ४ : आठवड्याची मोठी फेरी, आणि तिथीवरून भरती काढायची रीत

रविवारची सकाळ मोठ्या फेरीसाठी ठेवा. तीन तास पुरतात, अकरापर्यंत घरी येता येतं.

खाडी हे माझ्या लेखी आपल्याकडचं सगळ्यात मोठं धन. ठाणे खाडीला २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०२२ साली ती रामसर पाणथळ जागांच्या जागतिक यादीत गेली. नोव्हेंबर-डिसेंबरपासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत रोहित पक्षी, म्हणजेच फ्लेमिंगो, इथे हजारोंनी असतात. ऐरोलीला वनखात्याचं किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्र आहे. तिथून हंगामात बोटीने खाडीत नेतात. बोट भरती-ओहोटीवर अवलंबून असते, म्हणून आधी नोंदणी करूनच जा.

बोटीशिवायही रोहित दिसतात. ओहोटीला ते खाडीच्या उघड्या चिखलात पसरून खात असतात. भरतीने चिखल बुडाला की त्यांतले बरेच नेरूळ-सीवूड्सच्या बाजूच्या पाणथळींवर, डीपीएस शाळेमागच्या तळ्यावर किंवा टी. एस. चाणक्य या सागरी प्रशिक्षण संस्थेच्या परिसरात विसाव्याला येतात. म्हणून काठावरून पाहायचे तर भरतीच्या आसपास पोहोचायला हवं, आणि इथे कालनिर्णय कामी येतं.

कोकणच्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या वापरली जाणारी रीत अशी : तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, येईल ती भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीन. दुपारी तीन आणि पहाटे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. द्वादशीला नऊ. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा ते बारा धरा. प्रतिपदेला पाऊण येतो, म्हणजे पाऊण वाजता. प्रत्येक भरतीनंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. वेळ अंदाजी असते आणि खाडीत आत पाणी चढायला थोडा उशीर होतो, तेव्हा अर्धा-पाऊण तास जमेस धरा.

आता रविवारी तिथी पाहा. द्वादशी-त्रयोदशी असेल तर सकाळी नऊ-दहाला भरती, म्हणजे न्याहारी करून तळ्यावर जा. तृतीया-चतुर्थी-पंचमी असेल तर दुपारचा चहा घेऊन चारच्या सुमाराला. पौर्णिमा-अमावास्येची संध्याकाळ मात्र ओहोटीची. तेव्हा वाशीच्या सागर विहारला जाऊन उघडा चिखल, त्यातली खेकड्यांची बिळं आणि बगळे पाहा. मुलांना हा हिशेब स्वतः करू द्या. पाढे, चंद्र आणि समुद्र एकाच वाक्यात येतात, आणि उत्तर बरोबर आलं की नाही ते प्रत्यक्ष पाण्याच्या काठावर कळतं. पक्ष्यांकडे दगड टाकणं, त्यांना उडवून फोटो काढणं यातलं काहीही करू नका. विसावा मोडला की त्यांची साठवलेली ताकद खर्ची पडते.

डोंगर हवा असेल तर येऊर. हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा ठाण्याकडचा भाग. पायथ्याशी उपवन तलाव आहे, तिथून चढाचा रस्ता सुरू होतो. वनखात्याच्या नाक्यावर वेळा विचारा आणि त्या पाळा. हा बिबट्यांचा प्रदेश आहे. दिवसा, घोळक्याने, लहान मुलांना मध्ये ठेवून चाला. अंधार पडायच्या आत खाली या. वाटेतले पाडे ही लोकांची घरं आहेत, तिथे मोठ्याने गाणी लावू नका आणि खाऊच्या पुड्या टाकू नका.

फुलपाखरांसाठी घोडबंदर रोडवरची ओवळेकर वाडी. पावसाळा संपत आला की तिथे गंमत असते. ब्लू मॉरमॉन हे आपलं राज्य फुलपाखरू, काळ्या मखमलीवर निळे पट्टे असलेलं. ते पाहिलेलं मूल ते विसरत नाही. आधी चौकशी करून जा, कारण ती रोज उघडी नसते.

खारघरच्या सेंट्रल पार्कला नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या बेलापूर-पेंधर मेट्रोने जाता येतं, त्याच नावाचं स्थानक आहे. पनवेलपलीकडे कर्नाळा पक्षी अभयारण्य आहे, त्याला अर्धा दिवस हातात हवा.

पांडवकड्याचं वेगळं सांगते. पावसाळ्यात खारघरचा तो धबधबा लांबूनच पाहा. दर वर्षी तिथे जायला मनाई केली जाते आणि तरी माणसं बुडून जातात. डोंगरात पाऊस झाला की पाणी काही मिनिटांत चढतं, खाली ऊन असलं तरी.

पायरी ५ : मुलांसाठी एकट्याने नको, सोसायटीने करा

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितलं ते थोडक्यात असं : दोन वर्षांखालच्या बाळाला स्क्रीन नको, दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एका तासापेक्षा जास्त नको. शाळकरी मुलांना रोज तासभर तरी घाम येईल असं खेळणं हवं. घरात हे सांगून भागत नाही. मूल खाली उतरतं, खाली कुणीच नसतं, ते परत वर येऊन टॅब मागतं. त्याचं चुकलं काय?

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ साली यावर गावापुरता तोडगा काढला. रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजू लागला आणि दीड तास घरोघरचे टीव्ही-मोबाइल बंद होऊ लागले. यातलं मर्म हे की सगळ्यांचं एकाच वेळी बंद झालं, त्यामुळे कुणाला वगळल्यासारखं वाटत नाही.

सोसायटीत हे असं करता येईल. आधी पाच-सहा कुटुंबांनी एक वेळ ठरवा, साडेपाच ते साडेसहा. सभेत ठराव मांडायच्या भानगडीत लगेच पडू नका. चार घरची मुलं खाली दिसली की बाकीची आपोआप येतात. पहिल्या आठवड्यात एक मोठं माणूस खेळ लावून द्यायला हवं, कारण लगोरी, विषामृत, डब्बा ऐसपैस यांचे नियम आताच्या पुष्कळ मुलांना माहीतच नाहीत. हे काम आजी-आजोबांना द्या. त्यांनाही संध्याकाळच्या मालिकेआधी खाली उतरायला कारण मिळतं, बाकावर बसून पंच म्हणून भांडणंही सोडवता येतात. त्या तासापुरती गाड्यांची ये-जा एका बाजूने ठेवायला वॉचमनला सांगा. आणि आईबाबांनी बाकावर बसून स्वतःचा फोन पाहायचा नाही. मुलं ते पहिल्या मिनिटाला टिपतात.

संध्याकाळी डास असतात, विशेषतः खाडीलगतच्या सेक्टरांत. पूर्ण बाह्यांचे कपडे घाला आणि डास पळवणारं मलम लावा.

दहावी-बारावीच्या मुलांचं हे बंद करू नका. परीक्षेच्या महिन्यात वेळ अर्धा करा, पण ठेवा. दिवसभर पुस्तक आणि यूट्यूबवरची लेक्चर्स पाहणाऱ्या डोळ्यांना त्याच महिन्यात बाहेरच्या उजेडाची सर्वात जास्त गरज असते.

पायरी ६ : पावसाळा आणि पहिला आठवडा

जूनमध्ये पाऊस लागला की सगळं मोडायची शक्यता असते. छत्रीपेक्षा रेनकोट आणि पकड असलेल्या चपला घ्या. धो-धो पावसात बाल्कनीत किंवा जिन्याच्या खिडकीशी उभं राहून पाऊस पाहा, पण ती वीस मिनिटं सोडू नका. पाणी साचलेल्या रस्त्यातून चालू नका. पायाला जखम असेल तर लेप्टोचा, म्हणजे साचलेल्या घाण पाण्यातून होणाऱ्या तापाचा, धोका असतो. विजा कडाडत असतील तर मैदानात आणि झाडाखाली थांबू नका.

पहिला आठवडा चिडचिडीचा जातो. खिशात फोन वाजल्याचा भास होतो, काहीतरी सुटतंय असं वाटत राहतं. आठवडाभरात ते ओसरू लागतं. या दिवसांत घरच्यांना आणि ऑफिसमधल्या एक-दोघांना आपली वेळ सांगून ठेवा : ‘सात ते साडेसात मी फोनवर नसेन.’ लोक समजून घेतात. पंधरवड्याने पायरी १ मधला कागद काढा आणि तेच दोन तास पुन्हा तपासा. रात्रीचं शिखर खाली आलं असेल, तर झोप लागायला लागणारा वेळही कमी झालेला आढळेल.

एवढं करूनही डोळे लाल राहत असतील, संध्याकाळी डोकं दुखत असेल, अक्षरं दोन दिसत असतील, तर चालण्यावर भागवू नका, डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. चाळिशी ओलांडलेल्यांना कित्येकदा फक्त जवळचा चष्मा हवा असतो. फळ्यावरचं दिसत नाही म्हणून वही मागून उतरवणाऱ्या किंवा टीव्हीच्या अगदी जवळ बसणाऱ्या मुलाला लगेच न्या. तक्रार नसली तरी शाळा सुरू होताना जूनमध्ये वर्षातून एकदा तपासणी करून घ्या.